मित्रमंडळींबरोबर प्रागमध्ये शनिवार-रविवार: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी बर्लिनमध्ये नोकरी करते आणि आतापर्यंत तीन वेळा प्रागला गेले आहे. पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो, नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता आणि कुणीच काही वाचून आलेलं नव्हतं. शनिवारी ज्यू वस्तीत पोहोचलो तर सगळं बंद. रविवारी सकाळी किल्ल्यातल्या कॅथेड्रलच्या दारात गेलो तर आत प्रार्थना चालू, पर्यटकांना दुपारी या म्हणाले. दोन्ही दिवसांचा क्रम फक्त उलटा केला असता तर दोन्ही गोष्टी पाहून झाल्या असत्या. चेक प्रजासत्ताकाची ही राजधानी मोठी असली, तरी प्रागचा बघायचा भाग लहानसा, चालत फिरण्यासारखा आहे. काय बघायचं हे कुणीही सांगेल, पण कुठे कोणत्या वेळी पोहोचायचं हे आधी ठरवून घेतलं तर दोन दिवस भरपूर पुरतात.

१. कागदपत्रं: निघायच्या आदल्या आठवड्यात बघा, आदल्या रात्री नको

चेक प्रजासत्ताक २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा शेंगेन देशाचं निवासी कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत दुसऱ्या शेंगेन देशांत राहता येतं. लंडन किंवा डब्लिनहून येणारे मित्र मात्र इथे अडकतात. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यामुळे तिथलं कार्ड असलेल्या भारतीयाला शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. ग्रुपमध्ये असं कुणी असेल तर तारीख ठरवण्याआधी त्याला विचारा.

बरोबर काय हवं:

- मूळ पासपोर्ट. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही.
- निवासी कार्ड. मुदत संपून नवं कार्ड यायचं असेल, तर प्रवास करता येईल का हे तुमच्या परदेशी नागरिक कार्यालयात आधी विचारून घ्या.
- राहण्याच्या बुकिंगचा कागद. भारतीय पासपोर्ट असेल तर हॉटेलवाले तपशील उतरवून घेतात, तो तिथला नियम आहे.
- विद्यार्थी असाल तर विद्यार्थी ओळखपत्र. बऱ्याच ठिकाणी तिकिटात सवलत मिळते.
- थोडी सुटी नाणी. स्टेशनवरच्या आणि मेट्रोतल्या स्वच्छतागृहांसाठी पैसे लागतात.

जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. परत येताना गाडीत पोलिस चढतात. आपला पासपोर्ट आपल्याच खिशात ठेवा. सगळ्यांचे पासपोर्ट एकाच्या बॅगेत आणि तो एक जण डायनिंग कारमध्ये, असं आमचं झालं होतं. ती दहा मिनिटं फार लांबली.

२. जायचं कसं

बर्लिनहून ड्रेस्डेनमार्गे थेट गाडी आहे, चार तासांच्या वर लागतात. ड्रेस्डेनहून साधारण अडीच तास. जर्मन आणि चेक, दोन्ही रेल्वेच्या संकेतस्थळांवर त्याच गाडीचं तिकीट मिळतं आणि किंमत कधी कधी वेगळी असते. दोन्हीकडे बघूनच काढा. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी गाड्या गच्च भरतात, सीट आरक्षित करा. महिन्याचं डॉइचलंडटिकेट या गाडीत चालत नाही. ते फक्त प्रादेशिक गाड्यांसाठी आहे, आणि नव्याने आलेले बरेच जण इथे चुकतात.

जाताना डाव्या खिडकीशी बसा. ड्रेस्डेन सोडल्यावर रूळ एल्ब नदीच्या अगदी काठाने जातात आणि पलीकडे वाळूच्या दगडाचे उंच सुळके दिसतात. तेवढ्या अर्ध्या तासासाठी उजेडात प्रवास होईल अशी गाडी निवडा. शुक्रवारी अर्धी रजा टाकावी लागली तरी चालेल.

गाडी प्राहा ह्लाव्नी नाद्राझीला, म्हणजे मुख्य स्टेशनला उतरवते. सामानासाठी लॉकर तिथेच आहेत, रविवारी उपयोगी पडतात. विमानाने आलात तर ५९ नंबरची ट्रॉलीबस मेट्रोच्या हिरव्या लाइनपर्यंत आणते, टॅक्सीची गरज नाही.

३. राहायचं कुठे

अगदी जुन्या शहरात नको. विनोह्रादी, झिझकोव्ह, कार्लिन किंवा होलेशोव्हित्से बघा. ट्रामने दहा-पंधरा मिनिटांत मध्यभागी येता, खोली स्वस्त पडते आणि आजूबाजूला इथले लोक राहतात. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते आणि शेजारी ती मनापासून पाळतात. पाच जण एकत्र आलो की आपले आवाज चढतात, जिन्यात तर फारच. तिथे कुणाची तरी झोप मोडते, एवढं लक्षात ठेवा.

चाकांची मोठी बॅग आणू नका. रस्ते गोटीव दगडांचे आहेत. चेक भाषेत त्या दगडांना ‘मांजरीची डोकी’ म्हणतात. पाठीवरची सॅक आणि जाड तळव्याचे, पायात मुरलेले बूट, बस्स.

४. पैसे: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

देश २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, पण चलन युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना धरा. बऱ्याच दुकानांत युरो घेतात, पण दर त्यांचा असतो, म्हणून देऊ नका. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. रोख लागते ती बाजारात, स्वच्छतागृहात आणि काही जुन्या खानावळींत.

कार्ड मशीनवर किंवा एटीएमवर ‘युरोत घ्यायचे की कोरुनात’ असा प्रश्न येईल. प्रत्येक वेळी कोरुनाच निवडा. युरो निवडलंत की मशीनवाल्याचा दर लागतो, तुमच्या बँकेचा नाही. एटीएमही बँकेच्या इमारतीतलं वापरा. चौकाचौकात सुटी उभी असलेली, झगमगीत मशीन टाळा.

पहिल्या खेपेला आम्ही एका चौकातल्या काउंटरवर २०० युरो बदलले. बाहेर ‘कमिशन शून्य’ अशी पाटी होती. मोठ्या अक्षरातला दर ते विकतात तेव्हाचा होता, आपल्याकडून घेतानाचा दर खाली बारीक अक्षरात होता. नोटा मोजल्यावर कळलं आणि आम्ही मुकाट्याने निघून आलो. तेव्हा हे माहीत नव्हतं: एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे की १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत घेता येतात. त्याच काउंटरवर, पावती दाखवून. म्हणून पावती घ्याच. आणि रस्त्यात कुणी माणूस ‘चांगला दर देतो’ म्हणत जवळ आला तर थांबूसुद्धा नका. दुसऱ्याच देशाच्या, किंमत नसलेल्या नोटा हातात टेकवतात.

ग्रुपचा हिशेब निघण्याआधी ठरवा. आम्ही आता असं करतो: राहणं आणि गाडी एकाने काढायची, तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाने सारखी कॉन्ट्री काढून एका कार्डावर जमा करायची, तिकिटं आणि नाश्ता त्यातून. जेवण आणि पिणं टीटीएमएम. जो पीत नाही त्याने इतरांच्या बिअरचे पैसे का भरायचे? हे आधी बोललं की पुढे कुणाच्या मनात राहत नाही.

५. ट्राम-मेट्रोचं तिकीट

तिकीट वेळेवर असतं: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास, ७२ तास. ट्राम, मेट्रो, बस सगळ्याला तेच. शनिवार-रविवारसाठी प्रत्येकी २४ तासांची दोन तिकिटं सोपी पडतात. मशीनवर कार्ड चालतं, ट्रामच्या आतही कार्ड टेकवून तिकीट घ्यायचं नारिंगी मशीन असतं. एसएमएसने मिळणारं तिकीट फक्त चेक सिमवर चालतं, आपल्याला उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागदी तिकीट विकत घेतलं म्हणजे झालं, असं नाही. ते छोट्या पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवायची असते. मेट्रोत ही यंत्रं सरकत्या जिन्याच्या आधी असतात आणि आडवं फाटक नसतं, त्यामुळे गप्पांच्या नादात माणूस सरळ पुढे जातो. आमचा नाशिकचा मित्र तसाच गेला. खाली साध्या कपड्यांतले तपासनीस उभे होते. तिकीट त्याच्या हातात होतं, कोरं. चूक आमचीच होती, दंड भरला. आता आमच्यातला एक जण जिन्यापाशी उभा राहून सगळ्यांची तिकिटं बघतो आणि मगच खाली जातो. अ‍ॅपमधलं तिकीटही गाडीत चढण्याआधीच चालू करा.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला थांबते. पुढे नव्वदीतल्या नंबरच्या रात्रीच्या ट्राम आहेत, त्या सगळ्या लाझार्स्का या थांब्यावर भेटतात. हरवलात तर लाझार्स्का गाठा, तिथून घर सापडतं. टॅक्सी लागलीच तर भाडं आधी दाखवणाऱ्या अ‍ॅपवरून बोलवा, चौकात उभी असलेली धरू नका.

६. शनिवार: पहाटे पूल, मग किल्ला

उजाडताना चार्ल्स पुलावर असा. नोव्हेंबरात साडेसहा, मे-जूनमध्ये पाच. उठवत नाही, मला कळतं. पण सकाळी दहानंतर त्या पुलावर माणसांच्या पाठी दिसतात, पूल दिसत नाही. पहाटे फक्त तीस पुतळे, नदीवरचं धुकं आणि एखादा धावणारा माणूस.

सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये पायाभरणी केली. आधीचा दगडी पूल १३४२ च्या पुरात गेला होता. मुहूर्त ज्योतिषांनी काढला असं सांगतात: १३५७ साल, नववा दिवस, सातवा महिना, पाच वाजून एकतीस मिनिटं. ओळीने लिहा, १-३-५-७-९-७-५-३-१. मुहूर्ताचं वेड आपल्याकडेच आहे असं ज्यांना वाटतं त्यांना हे आवर्जून सांगा. किल्ल्याकडे तोंड केलंत की उजव्या हाताला नेपोमुकच्या संत जॉनचा पुतळा येतो. १३९३ मध्ये त्याला नदीत फेकलं होतं. पुतळ्याखालच्या काशाच्या पट्ट्या शेकडो वर्षं हात लागून सोन्यासारख्या पिवळ्या झाल्यात. आजूबाजूचं धातूकाम काळं आणि हात लागतो तेवढाच भाग चकचकीत, अगदी आपल्या देवळातल्या पायरीवरच्या कासवासारखा.

पूल ओलांडून माला स्त्राना भागात नाश्ता करा आणि मालोस्त्रान्स्के नामेस्तीहून २२ नंबरची ट्राम धरून ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरा. चढ ट्रामने आणि उतार पायी, हाच क्रम ठेवा. उलटं करणारे वर येईपर्यंत दमलेले असतात.

किल्ल्याचं आवार सकाळी ६ ते रात्री १० उघडं आणि फुकट आहे. आतल्या इमारतींना तिकीट लागतं आणि त्या ९ ला उघडतात. हिवाळ्यात चारलाच बंद होतात. मुख्य तिकिटात सेंट व्हिटस कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जची बॅसिलिका आणि गोल्डन लेन येतं. कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. उघडल्या उघडल्या पहिल्यांदा तिथेच जा, नंतर रांग वाढते. रविवारी सकाळी प्रार्थना असते म्हणून शनिवार, हे मी वर सांगितलंच. जुन्या राजवाड्यात ती खिडकीची खोली बघा. १६१८ मध्ये चिडलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी राजाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस यांना तिथून खाली फेकलं. तिघंही वाचले, पण त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. गोल्डन लेनमधल्या २२ नंबरच्या निळ्या घरात १९१६-१७ च्या हिवाळ्यात लेखक काफ्का लिहायला बसत असे. घर एवढंसं आहे की पाच जण एकदम आत मावत नाहीत.

बारा वाजता पहिल्या चौकात पहारेकरी बदलतात, वाद्यांसकट. त्यासाठी थांबायचं की नाही हे भुकेवर ठरवा.

७. शनिवारची दुपार आणि घड्याळ

जुन्या शहराच्या चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० चं आहे. सकाळी ९ ते रात्री ११, दर तासाला वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, सांगाडा दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभराचा खेळ. गर्दी तेवढ्यासाठी जमते आणि संपताच पांगते. तुम्ही पांगू नका. गर्दी गेल्यावर घड्याळ खरं बघता येतं, आणि ज्याच्या घरी भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर असतं त्याला ते पटकन कळतं.

तबकडीवर राशींचं चक्र फिरतं. सोन्याचा सूर्य ज्या राशीवर आहे ती सूर्याची रास. अर्धा काळा, अर्धा चंदेरी गोळा म्हणजे चंद्र, तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. आम्ही गेलो तेव्हा सूर्य वृश्चिकेत दिसत होता आणि मैत्रिणीच्या मोबाइलमधल्या पंचांगात तूळ. दोन्ही बरोबर. त्यांची गणना सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, आपली निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली, फरक साधारण २४ अंशांचा. बाहेरच्या कड्यावरचे सोनेरी, वळणदार आकडे जुना चेक वेळ दाखवतात. त्यात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्याकडे सूर्योदयाला. अर्धा तास आम्ही तिथे माना वर करून वाद घालत उभे होतो. त्या दोन दिवसांतला मला सगळ्यात आवडलेला अर्धा तास तोच.

चौकात नगरभवनाच्या भिंतीजवळ फरसबंदीत २७ पांढरे क्रॉस आहेत. २१ जून १६२१ रोजी तिथे २७ जणांना मृत्युदंड दिला. लोक त्यावर उभं राहून सेल्फी काढतात, तुम्ही बाजूने जा.

संध्याकाळी लेत्ना बागेच्या कठड्यावर. एकामागे एक सगळे पूल दिसतात. तिकीट नाही.

८. खाणंपिणं

चौकातल्या गाड्यांवर भाजलेलं डुकराचं मांस विकतात. पाटीवरचा भाव १०० ग्रॅमचा असतो आणि कापणारा मोठा तुकडा कापतो. वजन आधी सांगा, मग कापू द्या. साखर लावलेला गोल पाव, त्रदेलनिक, ‘जुना चेक पदार्थ’ म्हणून विकतात. गोड आहे, खा, पण इथली परंपरा म्हणून खाऊ नका.

शाकाहारी असाल तर ‘बेझ मासा’ म्हणा. आपल्याला ऐकायला मासा वाटतो, पण अर्थ ‘मांसाशिवाय’. चेक ‘मासो’ आणि आपलं ‘मांस’ एकाच मुळाचे शब्द आहेत. मासा नको असेल तर ‘रिबा’ नको असं वेगळं सांगावं लागतं. तळलेलं चीज, ‘स्माझेनी सीर’, सगळीकडे मिळतं. ‘ब्रांबोराक’ हे किसलेल्या बटाट्याचं, लसूण घातलेलं थालीपीठच समजा. सूपचा रस्सा मांसाचा असू शकतो, विचारूनच घ्या. दुपारची स्वस्त थाळी, ‘पोलेद्नी मेन्यू’, बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवारच असते. म्हणून शुक्रवारी दुपारी पोहोचलात तर फायदा.

टेबलावर न मागता ठेवलेला पाव किंवा खारे दाणे फुकट नसतात. नको असेल तर बाजूला सारा. बिअरचा प्रत्येक ग्लास वेटर टेबलावरच्या चिठ्ठीवर रेघ मारून मोजतो, ती चिठ्ठी जपा, तीच बिल. न पिणाऱ्यांसाठी कोफोला मागवा, १९६० पासूनचं इथलं काळं, किंचित औषधी चवीचं पेय आहे. बिल मागताना ‘झ्वलाश्त’ म्हटलं की वेगवेगळं बिल करून देतात, तोंड वाकडं न करता. बक्षिशी साधारण दहा टक्के.

आत शिरताना ‘डोब्री डेन’, निघताना ‘द्येकुयी’. एवढ्या दोन शब्दांनी वेटरचा चेहरा बदलताना मी पाहिलाय.

९. रविवार: योसेफोव्ह, विशेह्राद आणि गाडी

योसेफोव्ह म्हणजे जुनी ज्यू वस्ती. तिथली म्युझियमं शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात सण बरेच येतात, तारखा बघून जा. रविवारी ९ ला उघडतात. जुनं-नवं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ), साधारण १२७० चं, हवं असेल तर ते तिकिटात येतं का हे खिडकीवर विचारा. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं.

पिंकास सिनेगॉगमध्ये मात्र घाई करू नका. आतल्या भिंती छतापर्यंत नावांनी भरल्या आहेत. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, जवळपास ७८ हजार ज्यूंची ही नावं आहेत. गावानुसार, मग आडनाव, मग माणसं, जन्मतारीख आणि शेवटची माहीत असलेली तारीख. अक्षरं हाताने लिहिलेली, बोटाच्या पेरापेक्षा लहान. दुरून भिंतीवर राखाडी नक्षी असल्यासारखी दिसते, दोन पावलं पुढे गेलं की नावं होतात. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. आमच्या ग्रुपमध्ये बाहेर आल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. लगेच पुढचं ठिकाण ठेवू नका, नदीकाठी थोडं बसा. मागच्या दाराने जुन्या दफनभूमीत जाता येतं. जागा कमी म्हणून तिथे थरावर थर रचून दफन होत गेलं आणि दगड एकमेकांवर रेललेले आहेत.

दुपारी लाल लाइनच्या मेट्रोने विशेह्राद. जुन्या गढीचा तट, खाली नदी, आत फुकट बाग, आणि संगीतकार द्वोर्झाक व स्मेताना आणि चित्रकार मुखा यांच्या समाध्या असलेली स्मशानभूमी. गर्दी कमी असते आणि बाक भरपूर. पाय दुखत असतात, त्यामुळे शेवटी हेच बरं.

गाडीच्या तासभर आधी मुख्य स्टेशनवर या. उरलेली कोरुना नाणी तिथेच पाण्यात किंवा पावात संपवा, परत आल्यावर नाणी कुणी बदलून देत नाही. गाडीत या वेळी उजव्या खिडकीशी बसा, नदी आता त्या बाजूला येते. आणि सीमेजवळचं देचिन स्टेशन गेलं की पासपोर्ट आणि कार्ड हाताशी काढून ठेवा.